तळ्याचे पाणी आणि भोवतालची जमीन : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्याच्या पाण्याला उग्र वास सुटला किंवा कळंब्याच्या काठाला जलपर्णी चढली, की चर्चा काठावर सुरू होते आणि काठावरच संपते. कोणी निर्माल्याकडे बोट दाखवतो, कोणी धुण्याकडे, कोणी म्हशींकडे. तळ्यात येणारे पाणी ज्या जमिनीवरून वाहत येते, तिचे गेल्या वीस-तीस वर्षांत काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते. त्या जमिनीचा वापर कोण ठरवतो, तो बदलला की पाण्यात काय बदलते आणि नागरिकाला त्यात कोठे बोलता येते, याबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

जमीन-वापर नियोजन म्हणजे काय, आणि त्याचा तळ्याशी काय संबंध?

कोणत्या जमिनीवर घरे व्हावीत, कोठे कारखाने, कोठे शेतीच राहावी आणि कोठे काहीच बांधू नये, हे ठरवणारी सरकारी प्रक्रिया म्हणजे जमीन-वापर नियोजन. आपल्याकडे तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. शहरासाठी विकास आराखडा आणि ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजना, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. प्लॉट घेताना आपण ‘यलोमध्ये आहे का ग्रीनमध्ये’ असे विचारतो, तो याच नकाशातील रंग : पिवळा निवासी वापराचा, हिरवा शेतीचा. जमिनीचा भाव त्या रंगावर ठरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे; उताराला असलेल्या तळ्याचे पाणीही बऱ्याच अंशी त्याच रंगावर ठरते, एवढेच लक्षात घेतले जात नाही. हिरवा पट्टा पिवळा झाला, की तेथे छपरे, रस्ते, गटारी आणि माणसांचे सांडपाणी येणार हे त्याच दिवशी नक्की होते. तळ्यात त्याचा परिणाम दिसायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर कारण कोणाच्याच आठवणीत राहिलेले नसते.

तळ्याचे पाणलोट क्षेत्र कसे ओळखावे?

ज्या ज्या जमिनीवर पडलेले पाणी अखेर त्या तळ्यात येते, ती सर्व जमीन म्हणजे पाणलोट क्षेत्र. नकाशा नसला तरी एखाद्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडल्यास ते कळते. रस्त्याच्या चढावर एक जागा अशी सापडते, जेथून पाणी दोन दिशांना फुटते. अशा जागा जोडत गेले की पाणलोटाची कड मिळते. कळंबा तलावाच्या बाबतीत ती कड कात्यायनीच्या डोंगरापर्यंत जाते, आणि तेथून खाली येणारे ओढेच तलाव भरतात.

अडचण अशी की पाण्याची ही हद्द आणि कारभाराची हद्द यांचा मेळ नाही. महापालिका १९७२ मध्ये झाली, पण शहराची हद्द त्या मानाने वाढलीच नाही. हद्दवाढीचा वाद किती जुना आहे हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यामुळे तळ्याची निगा एका संस्थेकडे, वरच्या अंगाची बांधकाम परवानगी दुसरीकडे, आणि ओढ्याकाठच्या कचऱ्याचा प्रश्न ग्रामपंचायतीकडे, अशी वाटणी होते. हद्दवाढ व्हावी की होऊ नये, हा या पानाचा विषय नव्हे. पण ती होईपर्यंत पाणी थांबणार नाही, म्हणून पाणलोटाचा तरी एकच नकाशा या सर्व कचेऱ्यांच्या भिंतीवर असायला हवा, असे आमचे मत आहे.

पावसाचे पाणी तर स्वच्छच असते. मग घरे झाल्याने तळ्याचे काय बिघडते?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १०१ लिटर पाणी होते. दिवसभरात ५० मिलिमीटर पडला तर ५,००० लिटर. गवताळ माळावर यातील मोठा वाटा मुरतो आणि उरलेले पाणी गवताच्या बुडख्यांतून अडखळत, गाळ टाकत खाली येते. त्याच गुंठ्यावर स्लॅब आणि फरशी आली की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटारीला लागते. २० एकरांच्या वसाहतीत निम्मी जमीन जरी अशी झाकली गेली, तरी त्या एका दिवसाचे पाणी २० लाख लिटर होते, म्हणजे १०,००० लिटरचे २०० टँकर.

हे पाणी येताना काय आणते, ते जूनच्या पहिल्या जोरदार सरीत एखाद्या नाल्याच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. आधी पाणी काळे येते, त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग असतो. मागून मेणचट फेस, गुटख्याच्या पुड्या, उकिरड्यावरचे शेण आणि शेवटी मुरमाच्या रंगाचा लाल लोंढा. उन्हाळ्याचे चार महिने रस्त्यांवर आणि छपरांवर जे साचले, ते पहिल्या अर्ध्या तासात धुऊन निघते. तिसऱ्या-चौथ्या पावसात तोच नाला बराच निवळलेला दिसतो, आणि पाण्याचे नमुने नेमके तेव्हा घेतले गेले तर अहवालही समाधानकारक येतो.

बांधकाम सुरू असतानाचा काळ तर सर्वांत वाईट. मुरूम उकरलेला, झाडोरा काढलेला, उतार उघडा पडलेला, आणि वर पावसाळा. त्या एका हंगामात येणारा गाळ पुढच्या कित्येक वर्षांच्या गाळाला भारी पडू शकतो. म्हणूनच उताराच्या जमिनीचे सपाटीकरण पावसाळ्यापूर्वी संपवण्याची किंवा तो काढून सुरू करण्याची अट परवानगीतच घालणे, हा फारसा खर्च न होणारा उपाय आहे.

तळे हिरवे का होते?

शेवाळाला वाढायला नत्र आणि स्फुरद दोन्ही लागतात, पण गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुधा स्फुरदाचीच टंचाई असते. ती टंचाई हेच तळ्याचे संरक्षण. ते मोडले की शेवाळ वाढते, आणि उष्ण, संथ पाण्यात निळे-हिरवे शेवाळ बाजी मारते. त्याच्या काही जाती विषारी द्रव्येही सोडतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा जो थर दिसतो, तो बहुधा याच शेवाळाचा.

आकडे पाहिले तर अंदाज येतो. दर लिटरमागे सुमारे ३५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त स्फुरद सतत राहिले, की तळे अतिपोषित झाले असे सर्वसाधारणपणे धरतात. त्या हिशेबाने एक किलो स्फुरद जवळजवळ २ कोटी ८५ लाख लिटर पाण्याला त्या पातळीपर्यंत नेऊ शकते. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज सुमारे १ ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. म्हणजे हजार वस्तीच्या कॉलनीचे सांडपाणी तळ्यात येत असेल, तर रोजचा एक किलो ठरलेला.

दिवसा हेच शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो ओढून घेते. सलग ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे मरून वर येतात ते बऱ्याचदा यामुळे. प्रत्येक वेळी कोणीतरी विष टाकलेले असतेच असे नाही.

आमच्या कॉलनीत ड्रेनेज लाइन नाही, पण प्रत्येकाचा सेप्टिक टँक आहे. तेवढे पुरेसे नाही का?

सेप्टिक टँकमध्ये घनपदार्थ खाली बसतात आणि काही प्रमाणात कुजतात; वरून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र आणि स्फुरदाचा मोठा वाटा तसाच असतो. ते पाणी चांगल्या शोषखड्ड्यातून जाड मातीत मुरले, तर माती स्फुरद बरेचसे धरून ठेवते. पण आपल्याकडे टेकडीच्या उतारावर मातीचा थर अनेकदा हातभरच असतो आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण लागतो. अशा ठिकाणी पाणी गाळले न जाता भेगांतून वाट काढते. शिवाय तीन-चार गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, बोअर आणि शोषखड्डा एकत्र बसवायचे म्हटल्यावर बहुतेकांचा ओव्हरफ्लोचा पाइप अखेर गटारीलाच निघतो. गटार ओढ्याला मिळते, ओढा तळ्याला.

गुंठेवारीचा प्रश्न येथेच येतो. लेआउट मंजूर न करता शेत गुंठ्यागुंठ्याने विकले गेले की रस्ता कसाबसा सुटतो, पण सांडपाण्याच्या नळासाठी आणि ओढ्यासाठी कोणी जागा सोडत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करता येतात आणि राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते आवश्यकही आहे. मात्र नियमितीकरणाने कागद दुरुस्त होतो, उतार दुरुस्त होत नाही. रंकाळ्याला येऊन मिळणारे श्याम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक वसाहत आणि परताळ्याकडील नाले अडवून ते पाणी दुधाळीकडे वळवण्यासाठी पुढे किती खटाटोप करावा लागला, ते शहराने पाहिले आहे. वस्ती आधी आणि ड्रेनेज मागून, या क्रमाचा तो खर्च आहे.

मग शेतीच राहिली तर तळे सुरक्षित, असे म्हणायचे का?

तसे सरसकट म्हणता येणार नाही. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस असते, आणि आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात होते. लागणीच्या वेळी सरीत टाकलेले खत मातीआड केले नाही आणि त्याच रात्री जोराचा पाऊस आला, तर शेतकऱ्याचे पैसे आणि तळ्याचे आरोग्य दोन्ही एकाच ओढ्यातून जातात. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून वाहते, नत्र पाण्यात विरघळून. म्हणून माती थोपवली की स्फुरद बरेचसे थांबते, पण नत्रासाठी खताचे हप्ते पाडणे हाच मार्ग उरतो.

तरीही शेताची बाजू घ्यावी असे एक कारण आहे : शेत सुधारता येते. पाचट न पेटवता सरीत ठेवले, बांध राखला, ओढ्याच्या कडेला दहा-पंधरा फूट गवत सोडले, की पुढच्याच पावसात पाणी निवळलेले दिसते. एकदा ओतलेले काँक्रीट कोणी उचलत नाही.

जिल्ह्यात याचे चांगले उदाहरण आहे का?

आहे, आणि ते राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या राधानगरी धरणाचे. त्याच्या लक्ष्मी तलावाचा पाणलोट मोठ्या प्रमाणात जंगलाचा आहे. संस्थानकाळात ते शिकारीचे राखीव रान होते, १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा ते भाग आहे. तेथे पाऊस कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पडतो, तरी रान माती धरून ठेवते. रान राखले ते शिकारीसाठी आणि पुढे गव्यासाठी. पाण्याचा लाभ आपसूक झाला. जमिनीचा एक निर्णय पाण्याला शंभर वर्षे पुरतो, तो असा.

रंकाळ्याला भिंत, चौपाटी, उद्यान, दिवे असे इतके काही झाले. त्याने पाणी सुधारत नाही का?

सुशोभीकरणाने फिरायला जाणाऱ्यांची सोय होते आणि काठावरचे अतिक्रमण रोखायलाही ते थोडेफार उपयोगी पडते. पाण्याच्या गुणवत्तेशी मात्र त्याचा संबंध बेताचाच आहे. उलट उताराचा गवताळ काठ काढून दगडी भिंत बांधली, तर काठाची गाळणी जाते. गवताचा पट्टा पाण्याचे पातळ पसरलेले आवरण गाळू शकतो. तेच पाणी वर कोठेतरी नळीत गोळा होऊन पट्ट्याखालून थेट तळ्यात सोडले, तर वर कितीही सुंदर हिरवळ असून उपयोग नाही. संध्यामठाकडून पाहताना रंकाळा कितीही देखणा दिसो, नाल्याचे तोंड कोठे उघडते ते आधी शोधावे.

तळ्यापासून ठरावीक अंतरावर बांधकामाला बंदी असते ना?

पाणथळ जागा (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, २०१७ नुसार, ज्या पाणथळ जागांना हे नियम लागू आहेत तेथे मागील दहा वर्षांच्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. होड्यांच्या धक्क्याचा तेवढा अपवाद आहे. भराव, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांनाही मनाई आहे. पण याच नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित तलाव वगळले आहेत. म्हणजे ज्या पाण्याची काळजी सर्वांत जास्त घ्यायची, त्या पिण्याच्या तलावांना हे कवच आपोआप मिळत नाही. त्यांच्यासाठी विकास आराखड्यातच ना-विकास पट्टा दाखवून घ्यावा लागतो.

शिवाय ५० मीटर हे काठापासूनचे अंतर आहे. तीन किलोमीटर वरच्या टेकडीवर काय होते, याला ते काही करू शकत नाही.

पूररेषा आणि तळ्याचा ना-विकास पट्टा एकच का?

नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर निळी आणि लाल रेषा घरोघरी माहीत झाल्या. त्या नदीच्या आहेत : निळी ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यांचा हेतू माणसाला पाण्यापासून वाचवणे हा आहे. तळ्याचा पट्टा पाण्याला माणसापासून वाचवण्यासाठी असतो. एखादा प्लॉट दोन्ही पूररेषांच्या बाहेर असूनही तळ्याच्या ऐन ओढ्यावर असू शकतो.

प्लॉटवरून ओढा जातो की नाही, हे कागदावर कसे तपासावे?

झोन दाखला आणि भाग नकाशा यांवर विसंबू नये. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला एका कार्यालयातून ‘निवासी’ असा स्वच्छ दाखला मिळाला. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या पार्किंगमधून गुडघाभर पाणी वाहिले, कारण जुना ओढा तेथूनच जात होता आणि दाखल्यात ओढ्याचा उल्लेख करण्याची पद्धतच नव्हती.

त्याऐवजी गाव नकाशा पाहावा. त्यावर ओढे दुहेरी रेषेने दाखवलेले असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा किती आणि कोणत्या वर्गाचा, तेही वाचावे. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन; वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, लोकांच्या वापरातील ओढा, तळे अशा सार्वजनिक कारणाखालील जमीन. ‘ब’ वर्गाचे चार-सहा गुंठे दिसले आणि जागेवर रस्ता नसेल, तर तेथे पाण्याची वाट असण्याची शक्यता मोठी. शेवटची तपासणी शेजारच्या शेतातील एखाद्या जुन्या माणसाकडे करावी. ‘हितनं वड्याचं पाणी जायचं की’ हे वाक्य कोणत्याही दाखल्यावर मिळत नाही.

निर्माल्य आणि मूर्तींमुळेच पाणी खराब होते, हे खरे आहे का?

काही अंशी. मूर्तिदान आणि इराणी खणीतील विसर्जन या कोल्हापूरने रुळवलेल्या चांगल्या गोष्टी आहेत. पण विसर्जन वर्षातून काही दिवसांचे आणि सांडपाणी ३६५ दिवसांचे.

आता थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचे पाणी आले. कळंब्याची काळजी कशाला?

दूरचे पाणी विजेवर येते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहर कसे टँकरवर आले, ते आठवावे. कळंब्याचे पाणी उताराने शहरात आणण्याची जुनी व्यवस्था होती. शहरातील ‘पाण्याचा खजिना’ या जागेचे नाव आजही त्याची साक्ष देते. घराजवळचा, उंचावरचा साठा सांडपाण्यावर गमावणे परवडणारे नाही. शिवाय तलाव भरलेला असला की आसपासच्या विहिरींना आणि बोअरना पाझर मिळतो, तोही त्याच गुणवत्तेचा.

गाळ काढला आणि जलपर्णी उपसली तर भागणार नाही का?

दोन्ही कामे करावीत. वर्षानुवर्षे तळाशी साठलेले स्फुरद, तळाजवळ प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरते, त्यामुळे सांडपाणी थांबवूनही तळे काही वर्षे हिरवे राहू शकते. गाळ काढल्याने हा साठा कमी होतो. जलपर्णीबरोबरही अन्नद्रव्ये बाहेर येतात, पण ती काठावरच ढीग करून ठेवली तर कुजून पुन्हा आत जातात. उपसलेली जलपर्णी त्याच आठवड्यात ट्रॉलीने दूर न्यावी. वरचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे हे काम होऊ नये, इतकेच.

आराखड्यावर हरकत घेताना काय लिहावे?

प्रारूप आराखडा किंवा त्यातील फेरबदल प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात आणि पुढे सुनावणी होते. ‘आमचा तलाव वाचवा’ एवढ्याच मजकुराच्या हजार सह्यांपेक्षा गट नंबरासह लिहिलेली एक हरकत अधिक उपयोगी पडते, कारण तिला कारण देऊन उत्तर द्यावे लागते. अमुक गट नंबर तमुक ओढ्याच्या पाणलोटात आहे, उतार एवढा आहे, येथे निवासी वापर दाखवला आहे पण सांडपाण्याची लाइन प्रस्तावित नाही, म्हणून लाइन कार्यान्वित होईपर्यंत वापर बदलू नये, अशा थाटाचा मजकूर असावा. सोबत गाव नकाशाची प्रत आणि पावसाळ्यात त्या जागी वाहणाऱ्या पाण्याचा तारखेसह फोटो जोडावा.

लेआउटबाबत आणखी एक मागणी करता येते. ०.४ हेक्टर (एक एकराहून किंचित कमी) किंवा अधिक क्षेत्राच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ती बहुधा प्लॉट पाडून उरलेल्या तिरक्या कोपऱ्यात टाकली जाते. तीच जागा ओढ्याच्या दोन्ही अंगांना सोडली, तर बिल्डरचा एकही प्लॉट कमी न होता ओढ्याला काठ मिळतो.

हे सगळे केले तर पाणी सुधारायला किती वर्षे लागतात?

अमेरिकेतील सिॲटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात पडणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने पूर्णपणे दुसरीकडे वळवले. मीटरभरापर्यंत खाली आलेली पाण्याची पारदर्शकता १९७० च्या दशकात तीन मीटर आणि त्याहून अधिक झाली. ते सरोवर सुमारे ६५ मीटर खोल आहे. आपली तळी त्या मानाने उथळ असल्याने तळातील गाळ त्यांना अधिक काळ छळणार, हे गृहीत धरावे.

सुधारणा मोजायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली थाळी दोरीला बांधून सावलीच्या बाजूने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होताच पाण्याच्या पातळीशी दोरीला गाठ मारावी. महिन्यातून एकदा, त्याच जागी, दुपारी बाराच्या सुमारास. पहिली गाठ मे महिन्यात, वळीव येण्याआधी मारलेली बरी. पहिल्या लोंढ्यानंतरची दुसरी गाठ तिच्यापेक्षा थाळीच्या किती जवळ येते, ते पाहता येते.